गिअर उतरवताना मान हलू नये म्हणून

तिसऱ्यातून दुसरा टाकला, क्लच सोडला आणि गाडीने नाक खाली घातलं. शेजारी बसलेल्याची मान पुढे जाऊन परत मागे आली. तो बोलत काहीच नाही, फक्त खिडकीच्या वरची कडी धरतो. नव्याने गाडी शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून हे होतं आणि शिकवणारा त्यावर एकच उपाय सांगतो: क्लच हळू सोड. हळू सोडल्यावर हिसका कमी होतो, हे खरं. पण तो नाहीसा झालेला नसतो, क्लच प्लेटने गिळलेला असतो. रोज दहा-वीसदा असं गिळून ती प्लेट लवकर झिजते.

दुसरा उपाय म्हणजे क्लच सोडायच्या आधी जराशी रेस देऊन इंजिनाचे फेरे नव्या गिअरला हवे तेवढे करून ठेवायचे. यालाच रेव्ह मॅचिंग म्हणतात. नाव ऐकून हे शर्यतीतल्या लोकांचं काम वाटतं, आणि काही मंडळी सिग्नलला घूंऽऽ घूंऽऽ करून तो गैरसमज वाढवतातही. प्रत्यक्षात नीट जमलेलं रेव्ह मॅचिंग मागे बसलेल्याला कळतही नाही.

हिसका येतो कुठून

गाडी गिअरमध्ये आहे आणि क्लच पूर्ण सोडलेला आहे, तोवर इंजिन आणि चाकं एकमेकांना बांधलेली असतात. वेग ठरला आणि गिअर ठरला की इंजिनाचे फेरेही ठरले, त्यात घासाघीस चालत नाही. साधारण पाच गिअरच्या एका छोट्या पेट्रोल गाडीचा हिशोब घेऊ. ताशी ४० किलोमीटरला तिसऱ्यात इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे फिरतं. त्याच वेगाला दुसऱ्यात ते २६५० च्या आसपास फिरायला हवं.

आता नवखा काय करतो? रेसवरून पाय काढतो, क्लच दाबतो, गिअर बदलतो. या एवढ्या वेळात मोकळं सुटलेलं इंजिन १८०० वरून घसरत ११००-१२०० वर येतं. म्हणजे जिथे २६५० हवे तिथे आहेत निम्म्याहून कमी. मग क्लच सुटतो आणि ही सगळी तफावत भरून काढायचं काम क्लच प्लेटवर पडतं. इंजिनाला ओढून वर नेण्यासाठी लागणारी ताकद येते गाडीच्या वेगातूनच, म्हणून गाडी मध्येच कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते. तोच हिसका.

इथे एक शंका नेहमी निघते: गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझर असतात ना, मग ते काय करतात? ते गिअरबॉक्सच्या आतल्या भागांचे वेग जुळवतात, म्हणून गिअर खर्र न करता बसतो. १९२८ मध्ये कॅडिलॅकने ही सोय आणली. त्याआधी गिअर बदलणं हे कसबाचंच काम होतं. पण क्लचच्या पलीकडे असलेल्या इंजिनाशी सिंक्रोनायझरचा काही संबंध नाही. गिअर लोण्यासारखा बसला आणि तरीही गाडीने हिसका दिला, तर त्यात नवल काही नाही. गिअर बसवणं वेगळं आणि इंजिन जुळवणं वेगळं.

आधी स्वतःच्या गाडीचे आकडे

हे काम बसल्या जागी होत नाही आणि दुसऱ्याच्या गाडीचे आकडे तुमच्या उपयोगाचे नाहीत. सरळ, सपाट, रिकामा रस्ता शोधा. ताशी ४० ला गाडी स्थिर ठेवा आणि चौथा, तिसरा, दुसरा अशा प्रत्येक गिअरमध्ये आरपीएमचा, म्हणजे मिनिटाचे फेरे दाखवणारा, काटा कुठे थांबतो ते शेजारच्याला वाचून लिहायला सांगा. मग हेच ६० ला करा. तुमचं लक्ष रस्त्यावरच हवं. काटा वाचणं हे त्याचं काम.

लिहून झाल्यावर एक गोष्ट दिसेल. वेग कितीही असो, दोन गिअरमधलं प्रमाण तेच राहतं. बहुतेक गाड्यांत पाचव्यातून चौथ्यात किंवा चौथ्यातून तिसऱ्यात येताना फेरे सव्वापट किंवा त्याहून थोडे जास्त लागतात. तिसऱ्यातून दुसऱ्यात दीडपट. दुसऱ्यातून पहिल्यात जवळपास दुप्पट. एवढं डोक्यात राहिलं तरी पुरे. गिअर जितका खालचा, तितकी उडी मोठी. म्हणून तर पाचव्यातून चौथ्यात येताना काही कळत नाही आणि दुसऱ्यात येताना मान हलते.

गाडीला आरपीएमचा काटाच नसेल तरी अडत नाही. उलट काटा असलेल्यांनीही पुढे तो बघायचा सोडूनच द्यायचा असतो. प्रत्येक गिअरमध्ये ४० ला इंजिनाचा सूर कसा लागतो ते ऐका. रेडिओ बंद, खिडकी थोडी खाली. दोन-तीन दिवसांत कान तयार होतो, आणि पुढे रहदारीत डोळे मोकळे राहतात.

उभ्या गाडीत पायाची सवय

हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू. आता रेसवर टिचकी मारल्यासारखा पाय द्या आणि लगेच उचला. काटा उडी मारून परत येईल. पहिल्या पाच-सहा वेळा तो कुठेही जाईल, एकदा १५०० ला तर एकदा ४००० ला. ठरवा की आपल्याला २५०० ला न्यायचा आहे आणि दहा मिनिटं एवढंच करा.

इथे गाडीगाडीत फरक पडतो. आजकालच्या गाड्यांत रेसचं पेडल वायरने संगणकाला जोडलेलं असतं. पाय दिल्यावर इंजिन क्षणभर विचार करून मग उठतं, त्यामुळे अगदी अलगद टिचकी दिली तर काहीच होत नाही. डिझेलचं इंजिन जड, ते सावकाश चढतं, आणि त्याची लाल रेघ, म्हणजे काट्याच्या तबकडीवरची फेऱ्यांची कमाल मर्यादा, हीही खाली, बहुधा ५००० च्या आत. पेट्रोलचं चटकन चढतं. काही गाड्यांत पाय काढल्यावरही फेरे लवकर खाली येत नाहीत. वरचा गिअर टाकताना ही खोड वैतागवाणी असते, पण गिअर उतरवताना तीच मदतीला येते.

चालत्या गाडीत, पण ब्रेकशिवाय

पहिला सराव चौथ्यातून तिसऱ्यात करा. उडी लहान, चुकलं तरी फार बिघडत नाही. वेग ताशी ५० च्या आसपास, पुढेमागे कोणी नाही, ब्रेकची गरज नाही.

रेसवरून पाय सैल करत क्लच पूर्ण दाबा. गिअर तिसऱ्यात सरकवा. क्लच अजून दाबलेलाच आहे, आता रेसला टिचकी द्या, काटा आधीपेक्षा थोडा वर जाईल एवढीच. काटा वर असतानाच क्लच सोडा. सोडताना अर्ध्यावर रेंगाळू नका, पण लाथ मारल्यासारखा सोडूही नका. ‘एक’ म्हणायला लागतो तेवढ्या वेळात, एका दमात.

सगळी गंमत क्रमात आहे. क्लच दाबायच्या आधी रेस दिली तर गाडीच पुढे उसळते. टिचकी देऊन मग गिअर शोधत बसलात तर गिअर सापडेपर्यंत फेरे पुन्हा खाली आलेले असतात. टिचकी चांगली बसली पण क्लच सवयीने हळूहळू सोडला, तर तो पूर्ण लागेपर्यंत तेच. नवख्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच, कारण महिनाभर ‘हळू सोड, हळू सोड’ ऐकून पायाला तेच वळण लागलेलं असतं. सुरुवातीला टिचकी जमत नसेल तर ती सोडून द्या. क्लच दाबलेला असताना रेसवर पाय थोडासा ठेवून काटा हव्या जागी धरून ठेवा आणि मग क्लच सोडा. हे दिसायला ओबडधोबड आहे, पण काम चोख होतं आणि फेरे जुळल्यावर गाडी कशी वागते हे अंगाला समजतं. टिचकी त्यातूनच आपोआप येते.

चुकलं तर काय चुकलं ते गाडीच सांगते. नाक खाली गेलं तर रेस कमी पडली. गाडी पुढे ढकलल्यासारखी झाली तर रेस जास्त झाली. मी म्हणेन, शिकताना थोडी जास्तच द्या. जास्त झालेली रेस गाडीला जरा पुढे लोटते आणि प्रकरण मिटतं. कमी पडलेली रेस चाकांना मागे ओढते, आणि ओल्या रस्त्यावर ते महागात पडू शकतं.

भाच्याला शिकवत होतो तेव्हा अर्धी भरलेली पाण्याची बाटली मधल्या कप्प्यात उभी करून ठेवली होती. पाणी किती हलतं त्यावरून मार्क. वीसेक वेळा पाणी झाकणाला लागून आल्यावर एकदा ते जागचं हललंच नाही. “मामा, बघ! जमलं!” तो ओरडला. “अरे, आधी गिअर तरी टाक,” मी म्हटलं. गाडी न्यूट्रलमध्येच पळत होती. त्यानंतर दोन दिवसांनी मात्र खरंच जमलं, आणि तेव्हा तो काही बोलला नाही, बाटलीकडे बघायचंही विसरला.

चौथ्यातून तिसरा जमल्यावर तिसऱ्यातून दुसरा. इथे टिचकी जरा दमदार लागते. पाचव्यातून थेट तिसऱ्यात यायलाही हरकत नाही, मधला चौथा घ्यायलाच हवा असा नियम नाही. फक्त दोन उड्या एकत्र, म्हणजे फेरे सुमारे पावणेदोनपट लागतील.

हात कसा धरावा

याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. गिअरचा दांडा मूठ आवळून धरू नका. न्यूट्रलमध्ये सोडलेला दांडा स्प्रिंगमुळे आपणहून तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. म्हणून चौथ्यातून तिसऱ्यात जाताना तळव्याने नुसता सरळ पुढे ढकला. पाचव्यातून चौथ्यात येताना तो सरळ मागे ओढून न्यूट्रलला आणा, स्प्रिंगला आपलं काम करू द्या आणि मग तसाच सरळ मागे घ्या. बाजूला जोर लावायचा तो फक्त दुसरा टाकताना.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. ताशी ८० ला पाचव्यातून चौथा घ्यायचा होता आणि घाईत दांडा आपल्याकडून डावीकडे रेटला. क्लच अर्धा सुटतो न सुटतो तोच इंजिनाने जी किंकाळी फोडली, ती अजून कानात आहे. दुसरा पडला होता. पाय आपोआप परत क्लचवर गेला म्हणून निभावलं. त्या वेगाला दुसऱ्यात माझ्या गाडीचे फेरे ५३०० च्या वर गेले असते. पेट्रोल गाडी होती म्हणून लाल रेघेच्या आत. डिझेल असती तर नाही. आणि त्याच वेगाला चुकून पहिला पडला असता तर हिशोबाने ९८०० फेरे. लाल रेघेला इंजिनाचं इंधन तोडणारी यंत्रणा असते खरी, पण ती रेसपुरती. चाकांनीच इंजिनाला फिरवलं तर ती काहीही करू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून गिअर टाकल्यावर, क्लच सोडायच्या आधी, हाताला विचारा: दांडा नक्की कुठे आहे? गिअर बसताना विचित्र विरोध जाणवला तर तो सिंक्रोनायझरचा नकार समजा आणि दामटू नका.

उतार आणि वळण

या कलेचा खरा उपयोग लांब उतारावर. ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो. ताज्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या. ज्या गिअरमध्ये तो चढ चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. वेग वाढल्यावर उतारातच गिअर उतरवायची वेळ आली, तर आधी ब्रेकने वेग कमी करा आणि मग टिचकी देऊन गिअर घ्या.

उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात. हल्लीच्या गाड्यांत गिअर लागलेला आणि रेसवर पाय नसेल तर इंजिनात इंधन सोडणंच बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावं लागतं, म्हणजे इंधन जळतंच, वर इंजिनाचा ब्रेकही गेला. इंजिन बंद करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग जड.

इंजिनाच्या ब्रेकने गाडी मंदावते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. मागे कोणी चिकटून येत असेल तर ब्रेकला नुसता पाय लावा.

रस्ता ओला असताना दुसऱ्या गिअरला रेस न देता क्लच सोडला तर इंजिनाने ओढलेली चाकं घसरू शकतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अशा वेळी वळायचं सोडून सरळ जाते, मागच्या चाकांवर चालणारी शेपूट फिरवते. घसरल्यासारखं वाटताच क्लच पुन्हा दाबा, चाकं मोकळी होतील. वळणासाठी गिअर बदलायचा असेल तर वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर दोन्ही हात स्टिअरिंगवर.

आणि जिथे गरज नाही तिथे हे करू नका. सिग्नलला थांबायचंच आहे तर ब्रेक लावा, वेग उतरला की क्लच दाबा, थांबा, पहिला टाका. पाच-चार-तीन-दोन अशी जपमाळ ओढायचं कारण नाही. ब्रेक पॅड बदलणं क्लच प्लेट बदलण्यापेक्षा कितीतरी सोपं काम आहे.

ब्रेक आणि रेस एकाच पायाने

वळणाआधी ब्रेकही हवा आणि टिचकीही, पण उजवा पाय एकच. नवख्याने यातला साधा मार्ग घ्यावा: ब्रेकने वेग पूर्ण उतरवा, ब्रेकवरून पाय काढा, टिचकी देऊन गिअर घ्या, मग वळा. रस्त्यावर एवढं पुरतं.

ज्यांना पुढचं शिकायचं आहे ते पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या उजव्या कडेने रेसला टिचकी देतात. टाच आणि चवडा म्हणतात, पण पेडलं जवळजवळ असतील तर टाचेची गरज पडत नाही, घोटा वळवला की झालं. अडचण अशी की टिचकी देताना ब्रेकवरचा दाब बदलता कामा नये, आणि सुरुवातीला तो हमखास बदलतो; गाडी एकदम थांबते किंवा थांबायचीच राहते. म्हणून हे आधी इंजिन बंद करून उभ्या गाडीत, मग रिकाम्या मैदानात. जाड तळव्याचे बूट आणि मोकळ्या चपला दोन्ही नकोत. काही गाड्यांत ब्रेक आणि रेस एकदम दाबले की संगणक रेस तोडतो. तिथे पाय कितीही वळवला तरी काटा हलणार नाही, दोष तुमचा नाही. काही गाड्या तर टिचकी स्वतःच देतात. निसानची ३७०-झेड ही मॅन्युअल गिअरबॉक्ससह अशी सोय देणारी पहिली गाडी.

पहिला गिअर चालत्या गाडीत घ्यायची वेळ क्वचित येते. आलीच, आणि तो बसत नसेल, तर जुन्या ट्रकवाल्यांची डबल क्लचची रीत वापरा: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून पहिला. मधे क्लच सोडल्यामुळे ती रेस गिअरबॉक्सच्या आत पोचते आणि गिअर चटकन बसतो. एरवी क्लच दाबून दिलेली टिचकी तिथपर्यंत जात नाही, त्यामुळे सिंक्रोनायझरला तिचा काही फायदा नसतो. गाडी माणसाच्या चालीच्या वेगाला आली असेल तरच हे करा.

दुसऱ्याची गाडी हातात आली की पहिले दोन-चार किलोमीटर टिचकीच्या भानगडीत पडू नका. तिचा क्लच कुठे पकडतो, रेस किती उशिरा लागते, उलटा गिअर कुठल्या कोपऱ्यात आहे, हे आधी बघून घ्या. काही गाड्यांत तो पहिल्याच्या शेजारी असतो.